धोंडीबाची अर्धी शर्यत

धोंडीबा बोलून बोलून थकला होता. तंबूतल्या मुक्या सिनेमाला तोंड पुरवणं हा त्याचा धंदा. पडद्यावरच्या साहेबांनी नुसते ओठ हलवायचे आणि घसा फोडायचा धोंडीबाने. एकोणीसशे एक्कावन्न साल उजाडलं, ठाण्या-कल्याणातले पडदे केव्हाच बोलायला लागले; पण तंबूचा मालक मारुती याच्याकडे अजून तीच जुनी विलायती गंमत होती. एक जाड्या, एक रोड्या, दोघांचा जीव एकाच पोरीवर, आणि तिच्यासाठी लावलेली मोटारींची शर्यत! शेवटचं रीळ धोंडीबा कामाला लागायच्या आधीच जळालेलं. मोटारी शेवटच्या वळणावर आल्या की पडदा पांढरा व्हायचा, आणि पुढचं तो मनाने सांगायचा. गावचा पाटील अंगाने भरलेला असला, की हमखास जाड्या जिंकायचा.

आता डॉक्टरने घशाला विश्रांती सांगितली होती. कोलशेतच्या जत्रेतला हा एक खेळ उरकायचा आणि कल्याणला लेकीकडे, मंदाकिनीकडे, जाऊन गप्प बसायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

पण कोलशेत पडलं बैलगाड्यांच्या शर्यतीचं गाव. खेळ सुरू होतो न होतो तोच वरच्या पाड्याने जाड्या घेतला, खालच्याने रोड्या. तिसऱ्या रिळात तर वरच्या पाड्याचे काळुराम नाना उभे राहून मोटारीला "हुर्रर्र!" करून हाकू लागले. मग पडदा पांढरा झाला.

"बोल रं बुवा, कोन जिकला?"

धोंडीबाने दोन्हीकडच्या मुठी पाहिल्या. नवं खोटं रचायचं त्राण नव्हतं.

"खरं सांगू नाना? मला ठाऊक नाही. शेवट मी जन्मात बघितलेला नाही."

मारुतीने कपाळाला हात लावला.

"मंग येवरी वरसं काय सांगत व्हतास?" खालच्या पाड्याच्या म्हाताऱ्या आवडाबाईंनी विचारलं.

"लोकांना हवं ते, आजी."

आता मार बसणार म्हणून त्याने डोळे मिटले. पण निकाल लागला नाही तर दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा जुंपायच्या, हा त्या गावाचा कायदा. बैलांचा कायदा मोटारींना लागू झाला.

"उद्या परत पलवायच्या," नाना म्हणाले. "निकाल लागंपर्यंत."

"अहो, त्या रोज तेवढ्याच पळणार!"

"ते आमी बघू. आज आमची गारी वलनावर जरा मागं रायली."

मारुती खुशीत तंबूच्या खुंट्या आणखी खोल ठोकायला धावला. धोंडीबा होता तिथेच बसला. घशातून आवाज निघेना, तेव्हा कल्याणच्या वाटेला लागलेल्या एका गाडीवानाला त्याने खुणेने थांबवलं आणि मंदाकिनीसाठी चिठ्ठी दिली : मोटारी पोचल्या, की येतो.