इचारू मास्तर

आमच्या लहानपणी ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा मोठा माणूस मी एकच पाहिला, आणि तोही शिक्षक. सिंदेवाहीच्या आमच्या शाळेत बाकीच्या गुरुजींना सगळं ठाऊक असायचं. ठाऊक नसेल तर प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा. हे मात्र मान तिरकी करायचे, क्षणभर विचार करायचे आणि सरळ सांगायचे, “मले ठाऊक नाई. चला, इचारू.” महिनाभरात त्यांचं खरं नाव मागं पडलं आणि गावभर ते ‘इचारू मास्तर’ झाले. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाले, “बरं आहे. माह्या बापानं ठेवलं त्याहून हे खरं आहे.”

ते वऱ्हाडातले, काळ्या रानात वाढलेले. कापूस आणि तूर यापलीकडं त्यांना झाड ओळखता येत नव्हतं. “आमच्याकडं मैलभर चाललं तं सावलीले एक बाभूळ भेटते,” असं सांगायचे. त्यांच्याकडं आमचं स्काऊट पथक आलं ते केवळ नवीन शिक्षकाला नाही म्हणता येत नाही म्हणून. खाकी अर्ध्या चड्डीत त्यांचे काटकुळे पाय पाहून पहिल्या दिवशी आम्ही फार हसलो. कुणीतरी मुद्दाम विचारलं, “गुरुजी, तुमाले वाघाचं भेव वाटते का?” ते म्हणाले, “वाटते. तुमच्याहून जास्त वाटते. म्हणून तं तुमाले संगं घेऊन राह्यलो.”

दर रविवारी आम्ही जंगलात जायचो. जाडजूड वही त्यांच्या काखेत असायची. पक्षी दिसला, पान वेगळं वाटलं, मातीत कुणाचा खूर उमटलेला दिसला की आधी आम्हाला विचारायचे, मग वाटेत भेटेल त्याला. गुराख्याला विचारताना डोक्यावरची टोपी काढायचे. वहीत नाव लिहायचे आणि त्याच्यापुढं सांगणाऱ्याचं नाव. ‘धावडा : बुधा गुराखी.’ ‘अस्वलाचं पाऊल : लाकूडतोड्या सोमा.’ कुणी म्हटलं, हे कशाला लिहिता, तर म्हणायचे, “ज्याचं ज्ञान त्याचं नाव. नाईतं चोरी होते.”

या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव मानकाबाईचं. सहा मैलांवर जंगलात वीसेक घरांचं गोंडांचं गाव होतं. तिथली ही विधवा बाई. तीन लेकरं, भाताचा एक तुकडा, आणि बाकी सगळं पोट जंगलावर. मोहफुलं पहाटे का गळतात, टपोरं फूल कोणत्या झाडाचं, हरणं कोणत्या वाटेनं येतात, हे तिनं आम्हाला शिकवलं. गुरुजी तिच्यापुढं आमच्यासारखेच मांडी घालून बसायचे. ती त्यांना म्हणायची, “मास्तर, तुले पगार देते कोन? शिकवून तं मीच राह्यली.” ते खो खो हसायचे.

मी बारा वर्षांचा होतो आणि माझ्या टोळीचा नायक होतो, त्या चैत्रात आमचं दोन दिवसांचं शिबिर त्याच गावाजवळ लागलं. गुरुजींचा एक नियम कडक होता. चूल विझवली की पाणी टाकायचं, माती टाकायची, आणि शेवटी राखेत उघडा तळहात दाबायचा. हात भाजला नाही तरच विस्तव विझला. निघायच्या सकाळी ते काम माझं होतं. पोरं रांगेत उभी राहिली होती, मला पुढं झेंडा धरायचा होता. मी लोटाभर पाणी ओतलं, पायानं माती लोटली आणि धावत आलो.

“राखेत हात घातला?” गुरुजींनी विचारलं.

“घातला,” मी म्हटलं.

मैलभर गेलो असू. मागून धुराचा वास आला. गुरुजींनी वही माझ्या हातात कोंबली, “इथीच थांबा,” म्हणाले आणि मागं धावत सुटले. आम्ही थांबलो नाही. जाऊन पाहतो तर वाळलं गवत पेटत चाललं होतं आणि गावातली बायामाणसं हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होती. गुरुजी त्यांच्यातच, भुवया होरपळलेल्या. दुपारपर्यंत आग आटोक्यात आली. घरं वाचली. पण मानकाबाईची मोहाची दोन झाडं बुंध्यापासून काळी पडली, आणि खाली सारवलेल्या जागेत वाळत घातलेली तिची महिन्याभराची फुलं जळून गेली. ती रडली नाही. काडीनं राख उकरून काही उरलंय का ते पाहत राहिली.

जंगलखात्याचा नाकेदार आला. “आग कोनं लावली?” त्यानं दरडावून विचारलं.

“माह्याच्यानं लागली,” गुरुजी म्हणाले. “पथक माहं आहे.”

मी चार हातांवर, त्यांची वही छातीशी धरून उभा होतो.

त्यानंतर रोज वाटायचं, आज गुरुजी मला बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. पुढच्या रविवारी पहाटेच ते मानकाबाईच्या गावाकडं निघाले. ज्याला यायचं त्यानं यावं, म्हणाले. आम्ही सातजण गेलो. उरलेल्या झाडांखाली वाकून मानकाबाईसाठी फुलं वेचली. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी परतीच्या वाटेवर मी मागं रेंगाळलो, ते थांबले, आणि मी रडत सगळं सांगून टाकलं.

“मले ठाऊक होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी वही धरली तेव्हा तुह्या हाताले राखेचा डाग नव्हता.”

“मंग तुम्ही बोलले काऊन नाई?”

“मी म्हनलं असतं तं तू कबूल झाला असता. सांगनं येगळं आन कबूल होनं येगळं.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पन हे मले सांगून झालं नाई. नुकसान माहं नाई झालं.”

आम्ही दोघं परत गेलो. मानकाबाईनं माझं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ती पोटाशी धरेल. ती म्हणाली, “माहे लेकरं पावसाळ्यात काय खातीन, तुही गोष्ट?” मग तिनं एक टोपलं माझ्यापुढं सरकवलं. “उद्याची शाळा बुडव. पहाटे ये.” हंगाम संपेपर्यंत मी जात राहिलो.

पावसाळ्याआधीच गुरुजींची बदली तेलुगू मुलखालगतच्या सिरोंच्याकडं झाली. त्यात आगीचा भाग किती होता, ते मला कधी कळलं नाही. मोटार सुटताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला उभं केलं आणि स्काऊटच्या रीतीनं डावा हात पुढं केला. एकदा पत्र आलं. तिकडच्या झाडांची तेलुगू नावं त्यात होती. दोन वर्षांनी बातमी आली की हिवतापानं ते गेले. तिशीही उलटली नव्हती.

मी नोकरीला लागल्यावर पत्ता काढत त्यांच्या गावी गेलो. त्यांची म्हातारी आई एकटीच होती. ज्वारीची भाकर आणि पिठलं तिनं समोर बसून वाढलं. मुलाबद्दल बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. “सुट्टीत आला का तिकडच्याच गोष्टी. सिंदेवाहीले म्हने एक पोरगं होतं, नायक. लय खरं बोले. कोनी न इचारता खरं बोले. त्याची सांगून सांगून गोष्ट सांगे.”

आगीचं त्यांनी आईला काहीच सांगितलेलं दिसत नव्हतं. तो नायक मीच, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

“तू तं तिथलाच ना बापू,” म्हातारी म्हणाली. “ओळखत होता का त्या पोराले?”

“हो, माय,” मी म्हटलं. “तो अजून शिकून राह्यला.”