राबियाचा हात

राबिया एक दिवस माणसाचा जबडा फोडेल असं मलकापुरात तिच्या माहेरी कोणी सांगितलं असतं, तर घरच्यांनी हसून त्या माणसाला चहा पाजला असता. तिचे वडील रहेमतुल्ला गाद्या भरणारे. घरात बारा महिने कापूस उडायचा आणि त्या कापसासारखीच पोरगी मऊ, असं शेजारणी म्हणायच्या. कोंबडी कापायची असली की राबिया कानात बोटं घालून गच्चीवर जाऊन बसे.

लग्न होऊन ती मेहकरला आली. नवरा अकील एका बियाणे कंपनीत गावोगाव फिरणारा माणूस. शेतकऱ्यांना बीटी कपाशीचं वाण सांगायचं, शेताच्या कडेला कंपनीची पाटी ठोकायची, पीक उभं राहिलं की चार गावची माणसं आणून दाखवायचं, हे त्याचं काम. रविवारची सुट्टीसुद्धा अर्धी कंपनीचीच. मग त्यानं युक्ती काढली. बायकोला मोटारसायकलवर मागं बसवायचं, डबा घ्यायचा आणि शेतावरची फेरी हीच सहल करून टाकायची. पुढं कौसर झाली, तीही दोघांच्या मध्ये बसून हिंडू लागली.

या सहलींत ऊन, धूळ आणि हुरडा तर होताच, पण जिवावर बेतायचे प्रसंगही आले. कौसर पोटात होती त्या वर्षी भर माळावर गारांनी गाठलं. लिंबाएवढ्या गारा. दोघं एका बैलगाडीखाली शिरली. बाहेर बाभळीवरचे पोपट पटापट खाली पडत होते आणि बांधलेला गोऱ्हा हंबरत गुडघ्यावर आला, तो पुन्हा उठलाच नाही. कौसर दोन वर्षांची असताना रानडुकरानं चालत्या गाडीला धडक दिली. अकील गाडीखाली अडकला, डुक्कर मुरडून परत आलं. राबियानं पोरीला बांधावर फेकल्यासारखं ठेवलं आणि हाताला लागेल तो दगड त्या जनावराच्या थोबाडावर हाणायला सुरुवात केली. ते रक्त सांडत तुरीत घुसलं तरी ती दगड मारतच होती.

"माह्या बायकोपुढं डुकराची बी टाप नाही," असं अकील पुढं महिनाभर ज्याला त्याला सांगत हिंडला. राबिया हसायची. मग विषय बदलायची.

सगळ्या शेतांत तिला आवडायचं ते दुसरबीडच्या पुढं असलेलं सहदेवचं शेत. सहदेव दिलखुलास माणूस. तिला भाभी म्हणायचा. निघताना पिशवीभर सीताफळं द्यायचा, कौसरला बैलाच्या पाठीवर बसवायचा. त्याची आई सोजराबाई चुलीवरची भाकरी आणि ठेचा वाढल्याशिवाय त्यांना हलू द्यायची नाही. सहदेवच्या बांधावर कंपनीची पाटी होती. ती पाहून आणि अकीलचा शब्द ऐकून त्या साली अर्ध्या गावानं तेच बियाणं पेरलं.

ते साल दोन हजार सतराचं. दिवाळीपर्यंत कपाशी डोक्याएवढी उंच झाली, बोंडांनी लगडली. मग बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. वेचायला जावं तर हातात पिवळा, सडका, चिकट कापूस. लोकांनी फवारणीवर फवारणी केली. सहदेवचा धाकटा भाऊ कारभारी तीन दिवस पाठीवर पंप घेऊन फवारत राहिला, चौथ्या दिवशी ओकाऱ्या करत सरीतच पडला. त्याला जालन्याला नेलं तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हतं.

कंपनीनं आपल्या माणसांना सांगितलं, सध्या गावात जाऊ नका. अकील तीन आठवडे घरात घुसमटत बसला. एका रविवारी सकाळी उठून म्हणाला, "चाल, सहदेवकडं जाऊन येऊ. तोंड लपवलं तर आपण खोटे ठरू."

"तुम्ही एकटे जा," राबिया म्हणाली. "पोरीले काऊन नेता?"

"लेकरू संग असलं की माणूस हात उचलत नाही."

राबियाला ते बरं वाटलं नाही. तरी ती गेली.

शेतात तेच बियाणं पेरलेली पंधरा-वीस माणसं जमली होती. सहदेवनं 'या' म्हटलं नाही. त्यानं अकीलचा दंड धरला आणि कपाशीत नेऊन एक बोंड त्याच्या नाकासमोर फोडलं. आत अळी वळवळत होती.

"खाय."

"सहदेवभाऊ..."

"खाय ना बे! तूच म्हणत होता, या बियाले बोंडअळी शिवत नाही म्हणून. खाय!"

त्यानं ते बोंड अकीलच्या तोंडात कोंबलं. अकील खोकत खाली वाकला. "मले कंपनीनं जे सांगतलं, तेच मी तुमाले सांगतलं," एवढं तो कसंबसं बोलला आणि पहिली थप्पड बसली. मग वीस जणांचा राग एकदम सुटला. चपला, लाथा, कोणाच्या हातात कपाशीची उपटलेली पऱ्हाटी. ती पाठीवर बसली की शर्टासकट कातडं सोलत होती. सोजराबाईनं राबियाच्या कडेवरून कौसरला ओढून घेतलं आणि पोरीचं तोंड आपल्या छातीशी दाबून ती गोठ्याकडं पळाली.

राबिया आधी ओरडली, हातापाया पडली. कोणी ऐकेना. तेवढ्यात सहदेवनं काठी उचलली आणि ती अकीलच्या कानावर बसली. कानातून रक्ताची धार लागली. अकील पडला. काठी दुसऱ्यांदा वर गेली, तेव्हा राबियाच्या हातात अकीलचं हेल्मेट होतं. ते केव्हा उचललं हे तिला नंतरही आठवलं नाही.

पहिला घाव सहदेवच्या खांद्यावर बसला. तो वळला. दुसरा सरळ तोंडावर. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि सहदेव दात थुंकत खाली बसला. इथं थांबायला हवं होतं. राबिया थांबली नाही. तो खाली पडलेला, हात वर केलेला, आणि तिनं तिसरा घाव घातला. मग चौथा.

"पोरी, सोड त्याले! मरून जाईल तो!" गोठ्याच्या दारातून सोजराबाई किंचाळली. तिच्या खांद्यावरून कौसर पाहत होती.

माणसं मागं सरली. मग कोणीतरी धावत जाऊन चारचाकी गाडी आणली. त्या गावात चारचाकी एकच. अकील आणि सहदेव दोघांनाही एकाच गाडीत, एकमेकांना खेटून आडवं टाकलं. दोघांचं रक्त एकाच ताडपत्रीवर. समोरासमोर राबिया आणि सोजराबाई. जालन्यापर्यंत दोघींनी आपापल्या माणसाचं डोकं हातानं सावरून धरलं. कौसर सोजराबाईच्या मांडीवर झोपून गेली होती आणि तिला तिथून उचलून घ्यायचं धाडस राबियाला झालं नाही.

दवाखान्यात पोलीस आला. अकीलनं सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. सहदेवला बोलता येत नव्हतं, जबडा बांधलेला. त्यानं कागदावर लिहून दिलं, बांधावरून पडलो. आधी आपणच हात उचलला हे त्याला ठाऊक होतं.

"मी मारलं त्याले," राबिया पोलिसाला म्हणाली.

पोलिसानं तिच्याकडं पाहिलं. "बाई, ते दोघंबी पडलो म्हणतात. तुम्ही काऊन मधात पडता?" वही मिटून तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी राबिया सहदेवच्या खाटेजवळ गेली. त्याचा चेहरा सुजून काळानिळा झाला होता. नळीनं दूध चाललेलं. उशाशी सोजराबाई. एक लेक या वॉर्डात, दुसरा, कारभारी, वरच्या मजल्यावर. म्हातारी दिवसभर जिना चढत-उतरत होती.

"माफी मागाले आली का?" सोजराबाईनं विचारलं.

"नाही. माह्या माणसाले मारून राह्यला होता तो."

"मंग कायले आली?"

"काय केलं ते पाहाले."

"पाह्य मंग," म्हातारी म्हणाली आणि बाजूला सरकली.

राबियानं पाहिलं. सहदेवनं डोळे उघडले, तिला ओळखलं आणि मान भिंतीकडं वळवली. पहिल्या दोन घावांचं तिला काही वाटत नव्हतं. पुढच्या दोन घावांचं काय करावं, हे कळत नव्हतं.

कारभारी आणखी वीस दिवसांनी घरी गेला, डोळ्यांना अंधूक दिसतं एवढ्यावर निभावलं. सहदेवचा जबडा वाकडा जुळला. अकीलचा डावा कान कायमचा गेला. कंपनीनं सांगितलं, रविवार होता, तुम्ही कामावर नव्हता, भरपाई मिळणार नाही. त्यानं नोकरी सोडली. मेहकरची खोली रिकामी करून तिघं मलकापूरला आली आणि अकील सासऱ्याच्या दुकानात गाद्या शिवू लागला.

नवरा-बायकोत एकच मोठं भांडण झालं, पण ते सहा महिने पुरलं. "तुम्ही लेकराले ढाल करून नेलं," हे राबिया त्याला पुनःपुन्हा सुनवायची. अकील गादीला टाके घालत राही. एकदाच म्हणाला, "हाव. नेलं." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी हिवाळ्यात राबिया कौसरला घेऊन बाजारात निघाली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. कोणीतरी मध्येच गाडी घुसवली. शिवीगाळ झाली, दोघं भिडले, एकानं गाडीवरची काठी उपसली. लोक बघायला गोळा झाले. पलीकडच्याचं कपाळ फुटलं, तसं राबियाच्या लक्षात आलं की आपली मूठ आवळली गेली आहे आणि आपण दोन पावलं पुढं गेलो आहोत. त्या माणसांशी तिचं काही घेणं ना देणं.

तिनं कौसरला उचललं आणि उलट्या दिशेनं झपाट्यानं चालू लागली. पाच वर्षांची पोरगी आता जड झाली होती. राबियाला धाप लागली तरी ती थांबेना.

"अम्मी, काऊन पळतं? कोण मागं लागलं?"

"कोणी नाही लागलं," राबिया म्हणाली. "मलेच माह्यं भेव वाटून राह्यलं, बेटा."

कौसरला त्यातलं काही कळलं नाही. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून दोघी तिथं उभ्या राहिल्या आणि मालगाडीचे डबे मोजू लागल्या.