आजाऱ्याचा वाटा

आमच्या कर्जतात पाणी विकणारा एकच माणूस होता, मोंबासावाले नाना. उल्हास नदी गावाला लागून वाहते, नानांच्या परसात स्वतःची भरलेली विहीर, आणि हा माणूस रॉकेलच्या डब्याने पाणी मोजून द्यायचा व डब्यामागे एक पैसा घ्यायचा. गावाकडून नाही हो, आपल्या मागच्या पडवीत राहायला आलेल्या पोरांकडून. तरी नाव व्हायचं ते झालंच. येताजाता कुणीही विचारायचं, "काय नाना, आज पाण्याचा भाव काय?" नाना म्हणायचे, "कालच्यापेक्षा चढा." आणि हसायचे नाहीत.

दुसरी खोड म्हणजे ते कधी घरात झोपत नसत. कायम ओट्यावर. श्रावणात वळचणीचं पाणी अंगावर उडायचं, घोंगडी ओली व्हायची, तरी ओट्यावरच. बायको बिचारी सांगून सांगून थकली होती. माझी आई म्हणायची, "आगबोटीत बसून आलेला माणूस जरा सरकलेलाच असतो." आम्हालाही तेच पटायचं. परमुलखातली सवय असेल, दुसरं काय.

नाना मूळचे रेल्वेतले फिटर. लढाईच्या आधी ते आफ्रिकेत मोंबासाला गेले आणि काही वर्षांनी नुसती हाडं घेऊन परत आले. लढाई संपल्यावर आमच्या भागातली पोरं पुन्हा तिकडे जायला लागली. तेव्हा नानांनी हा उद्योग सुरू केला. जाणाऱ्यांनी आधी महिनाभर त्यांच्या पडवीत राहायचं. चौघांत एक खोली, एक दिवा, एक चूल. भाडं, पाणी, तेल, सरपण सगळं तिकडच्यासारखं विकत आणि सगळं वाटून. दर शनिवारी नाना स्वतः घरमालक होऊन दारात काठी आपटत. "तिकडं पैशाला पेसा म्हनतात. तेवढाच एक शब्द आपला, बाकी समदं परकं," असं सांगत. महिना संपला की घेतलेले पैसे ज्याचे त्याला परत. त्यामुळे आईबाप पोरांना खुशाल पाठवत. महिनाभर पोरगं डोळ्यांसमोर नीट राहिलं म्हणजे परदेशातही राहील, असा सगळ्यांचा समज.

खर्चाचा क्रम नानांनी पक्का ठरवलेला होता. "आधी भाडं. मंग पानी. मंग तेल नि सरपन. पोट सगळ्यात शेवटी. पोटाला थांब म्हटलं तर थांबतं, घरमालक थांबत नाय." आणि हे सगळं भागलं की प्रत्येकाने थोडं थोडं एका वेगळ्या डब्यात टाकायचं. त्याला नाना आजाऱ्याचा वाटा म्हणत. पोरं विचारत, "पन नाना, आजारी कोन हाय?" नाना म्हणत, "आज कोनी नाय. म्हनून आजच टाका." हे ते अशा आवाजात सांगत की पोरं मुकाट्याने टाकत.

त्या वर्षी मी बाळंतपणासाठी खालापूरहून माहेरी आले होते. आमच्या आणि नानांच्या परसात फक्त शेराचं कुंपण, त्यामुळे दिवसभर माझी करमणूक तीच. माझा धाकटा भाऊ सदू तेव्हा पडवीत होता. मोंबासाला एका मालगोदामात त्याला कारकुनी मिळाली होती. त्याच्याबरोबर दहिवलीचे दोघे भाऊ आणि आमच्या खालापूरच्या शेजारणीचा गणू. गणू खोपोलीच्या वीजघरात तारा ओढायचं काम शिकला होता. आई विधवा, एवढा एकच मुलगा. त्याला सोडायला तिचं मन होत नव्हतं. मीच तिला म्हटलं होतं, "मावशी, माझा सदू आहे ना बरोबर." त्यावर ती कबूल झाली.

गणूला हिशेब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. खोलीत शिरताना दर वेळी पाय धुवायचा आणि विकतचं पाणी संपवायचा. सदू त्याला ओरडायचा आणि मग त्याच्या वाट्याचं गणित स्वतःच सोडवून द्यायचा. आठवड्याभरात सगळा कारभार सदूच्या हातात आला. दिवेलागणीच्या आत जेवण उरकून त्याने तेल निम्म्यावर आणलं. एकदाच निखारे करून दोन वेळचं भागवलं. आमचे अण्णा मामलेदार कचेरीत कारकून. ते घरी आले की मुद्दाम कुंपणाशी उभे राहून हे ऐकत आणि मिशीत हसत. आम्हा सगळ्यांनाच त्याचं फार कौतुक होतं.

शेवटच्या आठवड्यात नाना एकाला आजारी पाडत. त्याने चटईवर पडून राहायचं, काम करायचं नाही, पैसा द्यायचा नाही, आणि ताप असल्यासारखं घडीघडी पाणी मागायचं. उरलेल्यांनी निभवायचं. त्या खेपेला नानांनी गणूकडे बोट केलं. "उद्यापासनं तू आजारी." गणू खूश झाला. आयतं बसून खायला कुणाला नको असतं?

पहिले एकदोन दिवस नुसता दंगा. दहिवलीचा धाकटा त्याला वारा घालायचा, थोरला नाडी बघायचा. मग आजाऱ्याचा डबा रिकामा झाला आणि गणूचा वाटा तिघांवर पडायला लागला. तेव्हा सदू हिशेबाला बसला. त्याचा आवाज मला कुंपणापलीकडून स्वच्छ ऐकू येत होता. "झोपलेल्या माणसाला दिवा कशाला? आणि खोली तरी कशाला? त्याला ओट्यावर निजवू. तापाच्या माणसाला वारा बरा. मग आपण तिघांची लहान खोली घेऊ, भाडं उतरेल. पाणी सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या. जास्त प्यायला तर पोट बिघडेल त्याचं." बोलण्यात कुठे राग नाही, तुसडेपणा नाही. सगळं गणूच्या भल्याचं. दहिवलीचे दोघे म्हणाले, "बरोबर हाय," आणि त्यांनी गणूची चटई ओट्यावर नेऊन टाकली.

दुपारी गणू कुंपणाशी आला. "वैनी, तांब्याभर पानी द्या वो. मी आजारी हाय, मला मोजून मिळतं." मी हसून हसून बेजार झाले. पाणी दिलं. ते त्याने एका दमात संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मोंबासाला तुमचं कुंपन नसंल, वैनी. तिथं काय करू?" मी म्हटलं, "तिथे सदू देईल." तोही हसला.

संध्याकाळी नाना आले. ओट्यावर गणूची चटई पाहिली आणि तिथेच थबकले. कोणी ठेवली, का ठेवली, सगळं शांतपणे विचारून घेतलं. मग म्हणाले, "बास. आटपलं." महिना संपायला अजून अवकाश होता, तरी त्यांनी तेव्हाच सगळ्यांचे पैसे परत केले आणि पडवीला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. अण्णा, आई, मी, सगळे ओटीवरच होतो. नाना बसले नाहीत.

"अण्णा, सदूला एकटं राहू द्या तिकडं. नायतर बाकीच्यांना दुसरी खोली बघायला सांगा."

आई म्हणाली, "का हो? सगळ्यांत हुशार तर तोच आहे. बाकीचे त्याच्यावर तरतील."

"हुशार हाय म्हनूनच आलो, बाई." नाना म्हणाले. "आमी सहा जन होतो खोलीत. नेरळचा एक पोर तापानं पडला. पयला महिना आमी त्याचं भरलं. दुसऱ्या महिन्यात एकानं अक्कल लढवली, त्याला आत उकडतं, ओट्यावर निजवा, वारा लागंल. ओट्याला भाडं पडत नाय. कोनी शिवी दिली नाय त्याला, कोनी हाकलला नाय. चार दिसांत संपला."

अण्णा म्हणाले, "सांगणारा मोठाच नीच असला पाहिजे."

"मीच तो," नाना म्हणाले. "तुमच्या पोरानं काल शब्द न शब्द माझाच काढला. त्याला कोनी शिकवला नव्हता."

त्या क्षणी नानांचं ओट्यावरचं झोपणं मला कळलं. पण आईचा चेहरा लालबुंद झाला होता. "स्वतःचं पाप माझ्या लेकराच्या माथी मारू नका," ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "नाना, खेळातली गोष्ट ही. एवढी मनाला लावून घेऊ नये." नानांनी टोपी सारखी केली आणि गेले. मला आईचा राग आला, नानांचाही आला. सदूचा मात्र आला नाही. भाऊ होता माझा. आपल्या भावाबद्दल असलं काही खरं असेल हे डोक्यात शिरतच नाही.

तिकिटं निघालेली होती. मुंबईच्या गाडीला सोडायला सगळे स्टेशनावर गेले, तिथे नानांनी गणूला बाजूला घेतलं. "तू याच्या खोलीत राहू नको." गणूला ते खरंच वाटेना. "आवो नाना, सदूदादा नसला तर माझा हिशेब कोन करनार?" नानांनी आजाऱ्याचा डबा आणला होता. तो त्यांनी सदूच्या हातात न देता गणूच्या हातात दिला. आत आपल्या पदरचे पैसे टाकले होते. गाडी सुटली तेव्हा गणू खिडकीतून तो डबा हलवून दाखवत होता.

दुसऱ्या पावसाळ्यात सदूचं पत्र आलं. गणू हिवतापाने गेला, शक्य ते सर्व केलं. गणूच्या आईला ते पत्र मीच वाचून दाखवलं. 'शक्य ते सर्व' हे तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढे ते नानांच्याही कानावर गेलं. त्यांनी फक्त सदू कधी येणार एवढं अण्णांना विचारून घेतलं आणि मग अधूनमधून विचारतच राहिले. आई त्यांना बघून आत निघून जायची.

तिसऱ्या वर्षी सदू लग्नासाठी आला. अंगात कोट, हातात घड्याळ, बरोबर दोन ट्रंका. मीही खालापूरहून आले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. नाना अंगणात येऊन उभे राहिले. सदू लगबगीने खाली उतरला, पाया पडला.

"बरा हायस?"

"बरा आहे, नाना."

"गणू कुठं निजला होता?"

पाहुण्यांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं. सदू म्हणाला, "आत फार उकडायचं, नाना. वारा लागावा म्हणून..." आणि थांबला.

"आनि पानी?"

"पाणी तिथे फार महाग असतं," सदू म्हणाला.

"व्हय," नाना म्हणाले. "ते मीच शिकवलं तुला." आणि वळून काठी टेकत गेले. आई दारात उभी होती. तिने सदूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही.

त्यानंतर नानांनी पडवीत कुणाला घेतलं नाही. पोरांचे बाप येऊन विनवण्या करत. नाना म्हणत, "मी भाव शिकवतो. पोरं भावच शिकतात." डबे मोडीत घातले, पडवीत लाकडं भरली. पुढच्या आषाढात ते तापाने अंथरुणाला खिळले ते ओट्यावरच. बायको आणि भाचे त्यांना उचलून आत न्यायला बघायचे, तर नाना उंबरठा धरून ठेवायचे. त्या अंगात एवढी ताकद कुठून यायची कोण जाणे. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी भांडं तोंडाशी नेलं तर म्हणाले, "कितीला?" मी म्हटलं, "नाना, पाण्याचे कुणी पैसे घेतं का?" तेव्हा प्यायले. दुसऱ्या दिवशी गेले.

सदू माझा भाऊ आहे. त्याने कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही. दर भाऊबीजेला लुगडं पाठवतो, मी घेते, नेसते. पण त्याच्या घरी मला ताप आला तर मी कण्हणार नाही, उठून कामाला लागेन. हे त्यालाही ठाऊक असावं. नानांनी त्याला काय शिकवलं ते सांगितलंच. मला मात्र त्यांनी दुसरं शिकवलं. माझ्या घरात कुणीही आजारी पडलं, अगदी गडीमाणूस असला तरी, त्याचं अंथरूण माजघरात, आणि उशाशी भरलेला तांब्या. यावरून सासूबाईंशी माझी भांडणं झाली आहेत.

गेल्या वर्षी गणूची आई थकली. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तिला मी आमच्या माजघरात आणून निजवली. लोक बोलायचं ते बोलले. ती फार दिवस काढणार नव्हती, तिलाही ते कळत होतं. एका दुपारी पाणी पिऊन झाल्यावर तिने माझा हात धरला.

"सदूनं माज्या पोराला असंच आत घेतलं असंल, न्हाय का गं?"

मी तांब्या खाली ठेवला.

"हो मावशी," मी म्हटलं. "अगदी आत. आणि उशाशी तांब्या भरलेला."

ती समाधानाने कुशीवर वळली. मी तिथेच बसून राहिले.