झाकण काढलेली बाटली

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर थर्मासची आकृती काढते. एक भांडं, त्याच्या आत दुसरं आणि दोघांच्या मधली जागा कायमची बंद. त्या जागेमुळे आतली उष्णता बाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही, असं ठासून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण कुणीतरी माझ्यासारखीला बघूनच केली असावी.

आमची द्राक्षबाग निफाडच्या बाजूला आहे. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून थंडीत पहाटेपासून बागेत जागोजाग शेकोट्या करायच्या, त्यावर ओला पाला टाकून धूर करायचा, ही आमच्याकडची रीत. मी नाशिकला शाळेत शिकवते, पण गेल्या थंडीत सुट्टीला घरी होते. एके पहाटे आप्पा, म्हणजे माझे वडील, अंधारातच बागेत गेले होते. तांबडं फुटल्यावर मी गेले, तेव्हा ते शेवटच्या ओळीशी उकिडवे बसून हात शेकत होते.

शेजारी मी दिवाळीत दिलेली स्टीलची थर्मास बाटली होती. पूर्वी शेकोटीवर जर्मनची काळी किटली असायची. ती दिसायला घाण, म्हणून मीच भंगारात घातली होती. नव्या बाटलीच्या झाकणाचं रबर महिन्याभरातच हरवलं, त्यामुळे चहा कोमट झालेला. आप्पांना चहा जीभ भाजेल असाच लागतो.

"ही ठिवू का इस्तवावर?" त्यांनी विचारलं. "फुटायची नाय ना?"

विचारलं होतं त्यांनी. हे मला विसरता येत नाही. आयुष्यभर चुलीशी, बंबाशी, फवारणीच्या पंपाशी वागलेला माणूस, त्याला शंका आली आणि त्याने शिकलेल्या मुलीला विचारलं. मी मोबाईलमधून मानही वर केली नाही.

"झाकण काढून ठेवा. वाफ कोंडली नाही की काही होत नाही."

त्यांनी झाकण काढलं आणि बाटली निखाऱ्यांत उभी केली. बराच वेळ गेला. बाहेरचा निळा रंग करपून त्याचा वास सुटला, पण चहाला काही आधण येईना. आप्पा हसले. "बाहेरून लालबुंद अन् आत गारढोण. तुझ्या बाटलीला आमच्यासारखंच लय उशिरा कळतं."

मी काठीने आणखी निखारे बाटलीभोवती ओढले. ती काठी माझ्या हातात होती. चहाला वाफ येते का, ते बघायला आप्पा वाकले.

फटाक्यासारखा आवाज झाला. तळाची चकती सुटली आणि बाटली उसळून त्यांच्या तोंडावर आली. आप्पा ओरडलेसुद्धा नाहीत. उजव्या डोळ्यावर तळवा दाबून ते ओल्या मातीत बसले आणि म्हणाले, "शेकोटी विझू देऊ नको, अजून गारठा हाय."

डोळा गेला. बाग वाचली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "मीच येडा, वाकलो कशाला? पोरीला काय म्हाईत व्हतं?" आई माझ्याकडे बघायची. पुढच्या हंगामात घडांची विरळणी आली. बारीक कात्रीने गर्दीतले मणी कापायचे असतात आणि त्या कामात आप्पांचा हात पंचक्रोशीत धरणारा कुणी नव्हता. आता एका डोळ्याने अंतर कळेना. कात्री देठावर न पडता चांगल्या मण्यात जायची. दोन घड नासल्यावर त्यांनी कात्री पुसली, माझ्या हातात दिली आणि बांधावर जाऊन बसले. मला त्या दिवशी स्वतःची किळस आली.

यंदाच्या थंडीत शेकोटीशी बसल्यावर त्यांनीच विषय काढला.

"एक सांग बाई. झाकण तर काढलं व्हतं. मंग कोंडलं काय?"

मी काडीने मातीत आकृती काढली. एक भांडं, आत दुसरं. "ही मधली जागा बंदच असते, आप्पा. तिला झाकण नसतं. आतली हवा काढलेली असते म्हणतात, पण हलक्या बाटलीत थोडी राहतेच. ती तापून फुगली, की तिला वाट नसते."

मान कलती करून, डाव्या डोळ्याने त्यांनी आकृती नीट पाहिली.

"हे तुला तवा म्हाईत व्हतं?"

खोटं बोलायला वेळ होता. "दरवर्षी शिकवते," मी म्हणाले.

मग पायाने त्यांनी आकृती पुसली, आणि शेकोटीवर ओला पाला टाकला.

"पोरीला म्हाईत नव्हतं, असं मी गावभर सांगून बसलोय," ते म्हणाले. "आता तसंच राहू दे."