हवा भरून येतो

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या घाटात?" पलीकडे आमचाच एक वर्गमित्र होता. तो गडबडला. "घाटात नाही रे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये. पार्किंगच्या विषयावर." वाईट वाटायच्या आधी मला अव्याचा राग आला. काळ्या, अवजड, धडधडणाऱ्या मोटारसायकलवर ज्याने उभा जन्म घाट पालथे घातले, त्याने बिबवेवाडीतल्या एका गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या याची चर्चा ऐकता ऐकता मान टाकावी? नाटकात कुणी असा शेवट लिहून आणला असता तर मी त्याला चहा न पाजता परत पाठवलं असतं. ठराव नंतर मंजूर झाला म्हणे. दुखवट्याच्या ठरावाखाली, त्याच कागदावर.

अविनाश म्हणजे ज्याला सगळे विचारतात असा माणूस. रंगांचं दुकान होतं, सोसायटीचं सेक्रेटरीपद होतं आणि घरात पडून हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले वडील, अण्णा. टँकर आला का, अण्णांना गोळी दिली का, गच्चीची किल्ली कुणाकडे, आयव्हरी आणि क्रीममध्ये नेमका फरक काय... उठल्यापासून निजेपर्यंत हेच. तो सगळ्यांना उत्तरं द्यायचा, तीही न वैतागता. पुण्यात हा गुण दुर्मीळ असल्यामुळे गर्दी आणखी वाढायची. मग रविवारी सकाळी अण्णांची आंघोळ, नाश्ता उरकला की तो किल्ली उचलायचा आणि म्हणायचा, "जरा हवा भरून येतो."

पंप कोपऱ्यावर होता. तो जेवायच्या वेळेला परतायचा, बुटांवर बोपदेव घाटाची धूळ घेऊन. मीनावहिनी गॅलरीतून विचारायच्या, "मिळाली का हवा?" तो म्हणायचा, "गर्दी होती फार." संपला संवाद. त्यांची लेक केतकी लहानपणी समजत होती की चाकात हवा भरायला अख्खी सकाळ लागते. एकदा माझ्या स्कूटरमध्ये पंक्चरवाल्याने मिनिटात हवा भरली, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "काका, हा फसवतोय."

मी कधीकधी मागच्या सीटवर असायचो. अट एकच. "बोल हवं तेवढं," अव्या म्हणायचा, "पण प्रश्न नाही विचारायचा." घाटमाथ्यावर तो शहराकडे पाठ करून कठड्यावर बसायचा. काही करायचा नाही. एकदा मी विसरून विचारलं, "चहा घ्यायचा का?" तो उठला, गाडीला किक मारली आणि मला थेट घरी आणून सोडलं. तेव्हापासून मी "चहा घ्यावा असं माझं नम्र मत आहे" असं बोलायला शिकलो. चहा मिळायचा.

अण्णा गेले, केतकी लग्न होऊन वाघोलीला गेली, तरी हवा भरणं चालूच होतं. गेल्या वर्षी अविनाशच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी घाट बंद करायला सांगितलं, केतकीने गाडीच बंद करायचं ठरवलं. "बाबा, प्लीज. इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. एकदम स्मूथ. आवाजच नाही." मीनावहिनी एवढंच म्हणाल्या, "आवाजच नाही? मग ती गाडी कसली?" पण केतकीने वारज्याचं गिऱ्हाईक ठरवलंसुद्धा. तो तरुण गाडी बघायला आला त्या दिवशी मी मुद्दाम हजर होतो. असे प्रसंग मी सोडत नाही. अव्या वर खोलीत जाऊन बसला होता. पार्किंगमध्ये तो तरुण गाडीभोवती फिरत होता, आणि चहाचा ट्रे घेऊन वहिनी खाली आल्या.

"गाडी छानच आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त पावसाळ्यात चालू होत नाही. आणि उन्हाळ्यात तापते."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात दुरुस्तीला असते."

तो अर्धा चहा टाकून गेला. गाडीला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. अव्या खाली आला आणि वहिनींकडे असा बघत राहिला, की तिसरा माणूस म्हणून मला तिथून निघावं लागलं. पुढे डॉक्टरांशी तडजोड झाली. घाट नाही, सपाट रस्ता चालेल. नवऱ्याचा एकुलता एक आनंद बायकोने कसा वाचवला, ही गोष्ट मी नंतर अनेक बैठकांत रंगवून सांगितली. दोन वेळा टाळ्या घेतल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी भेटायला गेलो तेव्हा तीच गोष्ट मी वहिनींना, आवाज थोडा खाली आणून, सांगायला घेतली. "त्या दिवशी तुम्ही अव्यासाठी जे केलंत..."

वहिनींनी कप खाली ठेवला. "त्यांच्यासाठी कशाला? माझ्यासाठी केलं."

"म्हणजे?"

"भाऊजी, ते हवा भरायला गेले की घर माझं व्हायचं. अण्णा झोपलेले, केतकी क्लासला. रेडिओ लावायचा, पाय टेबलावर, श्रीखंड थेट डब्यातून. यांची गाडी चौकात वळली की इथे ऐकू यायची. तेवढ्यात रेडिओ बंद, ओढणी कमरेला, कांदा चिरायला घेतला! ती बिनआवाजाची स्कूटर आली असती तर पहिल्याच रविवारी सापडले असते मी."

माझ्या इतक्या घोळवलेल्या गोष्टीची अशी वाट लागलेली पाहून मी खो खो हसलो. त्याही हसल्या. मग रेडिओकडे बघत म्हणाल्या, "आता दिवसभर घर माझंच आहे. रेडिओ लावते... आणि दोन मिनिटांत बंद करते. कुणी यायचंच नसेल तर त्यात मजा कसली?"

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "पुढचं चाक बसलंय. जरा हवा भरून आणता?" मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "आणि हो, लगेच येऊ नका."

गाडी ढकलत पंपावर नेली. तिथल्या माणसाने मिनिटात हवा भरली. केतकीला हे मी सांगणार नाही.

आता बहुतेक रविवारी मीच जातो. डॉक्टरांनी मला काही सांगितलेलं नाही, त्यामुळे घाट चढतो. कठड्यावर शहराकडे पाठ करून बसतो. प्रश्न विचारायला कुणी नसतं, तेव्हा तो नियम आपोआप पाळला जातो. मग कंटाळा आला की परततो. चौकात वळतो, गाडी धडधडत गल्लीत शिरते आणि इमारतीखाली येऊन मी ती बंद करतो. वर शांतता असते. मात्र गेल्या रविवारी चौक रिकामा होता आणि मी जरा लवकर पोचलो. तेव्हा एक गाणं अर्ध्या ओळीत तुटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

वहिनी गॅलरीत आल्या. ओढणी कमरेला, हातात कांदा, तो अजून सोललेलाही नाही.

"मिळाली का हवा?"

"गर्दी होती फार," मी म्हणालो.