कागदाच्या नंदीचे पाय

कागदाचे नमुने करायचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला, आणि पहिल्या दिवसापासून मी तो लपवत आलो. मोबाइलवर कोणीतरी जाड कागदाचं कौलारू घर करून दाखवत होतं. वाटलं, हे आपल्याला जमेल. जमलं नाही, ही गोष्ट वेगळी. छप्पर भिंतींवर बसेचना. मी स्वतःच्या बोटांना शिव्या देत बसलो, आणि नंतर कळलं की झेरॉक्सवाल्याने घराच्या आराखड्याचं एक पान पूर्ण आकाराचं काढलं होतं, दुसरं थोडं लहान.

त्याच झेरॉक्सवाल्याने विचारलं होतं, हे कशासाठी? मी म्हटलं, पोरीच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे. पांढुर्ण्यात मी सरकारी नोकरीतला माणूस, लोक साहेब म्हणतात. संध्याकाळी कातर घेऊन खेळणी करत बसतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मग दर वेळी तोच प्रोजेक्ट पुढे करू लागलो. तिसरीतल्या पोरीला बिचारीला पत्ताही नव्हता.

हळूहळू हात बसला. घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घेतली की कागद हवा तिथेच मोडतो. डिंक काडीच्या टोकाने लावायचा, बोटाने लावला की बोटाचाच नमुना होतो. एवढं आल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली आणि पोळ्याच्या आधी मी नंदी करायला घेतला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचा बैल सजवून घरोघर फिरवतात, बाया त्याला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतात. आमच्या पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक चालते, म्हणून पोरीला घेऊन आम्ही सौसरला माझ्या बहिणीकडे जातो. पोरीकडे तिच्या आजोबांनी दिलेला लाकडी बैल होता, एक चाक डुगडुगणारा. मी म्हटलं, हा राहू दे घरी, यंदा माझा ने. ती लगेच तयार झाली. बापाच्या हाताचा नंदी म्हणून तिला केवढं कौतुक.

नंदी झालाही देखणा. पांढरा रंग, लाल शिंगं, पाठीवर झूल. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींनी विचारलं, कोणत्या सुताराकडून करून आणला? कागदाचा आहे, मी केलाय, एवढंच लिहायचं होतं. पण सुताराचं काम वाटतंय या कौतुकाने मी फुगलो, शिवाय साहेबांचे उद्योग म्हणून हसतील ही भीती होतीच. मी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सौसरला गेल्यावर बहिणीच्या सासूच्या दारातूनच सुरुवात झाली. पोरीने नंदी उंबऱ्याबाहेर ठेवला. म्हातारी ताट घेऊन आली, सोबत पाण्याचा लोटा. शेतावरून आलेल्या खऱ्या बैलाचे धुतात तसे आमच्या भागात तान्ह्या नंदीचेही पाय धुतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणी मी स्वतः माझ्या बैलाचे धुवून घेतले आहेत. पण लाकडी बैलाच्या बाबतीत पाण्याचा विचार कोण करतं? मी शिंगांचा बाक जमवण्यात दिवस घालवले, आणि हा लोटा मला आत्ता दिसत होता.

"कोनत्या सुताराचा हाय हो?" म्हातारीने विचारलं. "लय गोजिरा केला."

भाऊजी शेजारीच उभे होते. शेजारच्या बायाही जमल्या होत्या. थांबा, कागदाचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी बोलेन म्हणून. आणि म्हातारीने पाणी ओतलं.

पुढचे पाय आधी गेले. पांढरा रंग ओघळला आणि नंदी तोंडावर पडला. म्हातारी घाबरून म्हणाली, "बापा, हे काय झालं?" कोणीतरी हसलं. भाऊजींनी नंदी उचलून बोटाने दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि नंदी पोरीपुढे धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फ्रॉकच्या घेरात नंदी घेतला आणि पुढच्या घरी निघाली.

त्या दारात ती लोट्याच्या आधी बोलली. "मोठीआई, पाय नोका धुवू. कागदाचा हाय. माह्या बाबानं केला."

प्रत्येक दारात तेच, खणखणीत आवाजात. जे मला एकदा सांगता आलं नाही, ते ती गल्लीभर सांगत गेली. बाया नंदीच्या कपाळाला हलकेच कुंकू लावायच्या आणि मान वर करून मला शोधायच्या. मी मागे, रस्त्यावर, चपलांकडे बघत उभा होतो.

परत आल्यावर मला तो नंदी फेकून द्यायचा होता. पोरगी म्हणाली, पाय तेवढे नवे करून द्या. म्हणून दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलो, आणि ती हट्टाने सोबत आली. दुकानदाराने मशीनमध्ये जाड कागद लावला आणि तिच्याकडे बघून हसत म्हणाला, "तुया शाळेत लय प्रोजेक्ट देऊन राहिले बाई."

पोरीला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या उंबऱ्यावर पाहिलं होतं तसं. माझे कान तापले. दुकानात ओळखीची दोन माणसं होती.

"प्रोजेक्ट नाही हाय, भाऊ," मी म्हटलं. "मलेच नाद हाय."