टेपबाईची खोली

ब्रशच्या त्या कारखान्यात तिला समोर सगळे बाई म्हणत आणि पाठ वळली की टेपबाई. ती खर्चाचा हिशेब बघायची, आणि तिच्या हातात कायम पोलादी टेप असायचा. हे नाव तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

नोकरीला लागली तेव्हा तिने अख्खा कारखाना गुडघ्यांवर रांगून मोजला होता. भाडं, वीज, राखणदार, साहेबांचा पगार, असा सगळ्यांचा मिळून होणारा सामाईक खर्च कुणाच्या माथी मारायचा यावरून तोवर रोज हमरीतुमरी चालायची. बाईने सरळ नियम केला. ज्याने जेवढी जमीन अडवली त्याने तेवढा भार उचलायचा. दहा हजार चौरस फूट जागा, महिन्याला तीन लाख खर्च, म्हणजे फुटाला तीस. विषय संपला! एकोणीस वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही.

मग जुने मालक थकले आणि त्यांच्या खुर्चीत जावई येऊन बसले. नवे साहेब. त्यांनी बाईचा तक्ता पाहिला आणि बूटब्रशच्या विभागावर बोट ठेवलं. हँडलांना रंग दिला की ती पसरून वाळवावी लागत, म्हणून त्या विभागाने चार हजार फूट जागा घेतली होती. स्वतःचा माल-मजुरी वजा जाता विभाग कमवायचा एक लाख दहा हजार, आणि वाट्याला भार यायचा एक लाख वीस.

"दहा हजार तोटा," साहेब म्हणाले. "बंद करा."

बूटब्रशवाले गेले म्हणून भाडं काही सोबत घेऊन जाणार नव्हते. ते इथंच राहणार आणि उरलेल्यांच्या डोक्यावर बसणार. हे बाईला कळत होतं हो, चांगलं कळत होतं. ती चाचरत म्हणाली, "साहेब, हा तोटा तसा... वाटणीतला आहे."

"आकडे तुमचेच ना, बाई?"

झालं! आपल्याच तक्त्याला खोटं कसं म्हणायचं? "माझेच," ती म्हणाली, आणि तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. महिनाअखेरीस सोळा माणसं गेली. हँडलांच्या रिकाम्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, त्या तशाच राहिल्या.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला बसली तेव्हा तिने आकडे दोनदा मांडून पाहिले. उरले दोन विभाग, बाटल्या धुण्याचे ब्रश आणि रंगकामाचे ब्रश. प्रत्येकी तीन हजार फूट. खर्च तेवढाच, तीन लाख, म्हणजे आता फुटाला पन्नास, दोघांवर दीड-दीड लाख. बाटलीब्रश कमवायचा एक लाख पंचावन्न. तो तरला. रंगब्रश एक लाख पंचेचाळीस. तो बुडाला.

रंगब्रशमध्ये तिचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा. तिने त्याला भरवलं, शिकवलं, दहा जणांच्या विनवण्या करून इथं चिकटवलं. त्याची बायको आठव्या महिन्यात होती.

दोन्ही विभागांच्या मधून एक बोळ जायचा. दोनशे फुटांचा. त्यातून पेट्या फक्त रंगब्रशच्या जायच्या, त्यामुळे तो पहिल्यापासून त्यांच्याच नावावर. बाईने दाराकडे एकदा पाहिलं. मग खोडरबर घेतलं आणि बोळ बाटलीब्रशच्या खात्यात टाकला. एवढंच! रंगब्रश अठ्ठावीसशे फुटांवर आला, पाच हजार नफ्यात. बाटलीब्रश तेवढ्याच तोट्यात गेला, आणि साहेबांनी तोही बंद केला.

बाटलीब्रशच्या प्रमुखांना सगळे मावशी म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी बाईसोबत डबा खाल्लेला. शेवटच्या दिवशी त्या निरोप घ्यायला खोलीत आल्या.

"बाई, आम्ही कधीच तोट्यात नव्हतो गं. एकाएकी कसं झालं?"

काय सांगणार, कप्पाळ! बाई उगाचच खणात काहीतरी शोधत राहिली. मावशी रिकामा डबा उचलून निघून गेल्या.

आता तीनपैकी एकाच विभागातून यंत्राचा आवाज यायचा, आणि तीन लाखांचा सगळा भार त्या एकावरच होता. रिकाम्या भागातले दिवे काढून टाकले होते. बाई तिकडून जायचं टाळायची, आणि रंगब्रशमधून टेप घेऊन गेली की तिथली माणसं ती पुढे जाईपर्यंत मान वर करत नसत. आता टेपबाई हे नाव तिला नकोसं झालं होतं.

साहेबांनी बोलावलं. "उरलेला विभाग नव्याने मोजून आणा."

या वेळी मात्र ती बोलली. "साहेब, तिन्ही विभाग चालू होते तेव्हा कारखाना महिन्याला एक लाख दहा हजार नफ्यात होता."

साहेबांनी मान वर केली. चेहरा उतरलेला. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाईने टेप उचलला. "सोमवारपर्यंत आणा," ते हळूच म्हणाले.

भाऊच आला टेपचं टोक धरायला. दोघं भिंतीभिंतीने मोजत गेली. तो टोक भिंतीला लावायचा, ती आकडा वाचून लिहायची. बोळाशी आल्यावर तो थांबला.

"हा आमचाच लिही, ताई. पेट्या मीच नेतो रोज."

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "मीही गप्प बसलो. मावशींनी परवा बाळासाठी झबलं पाठवलं."

तिने बोळ लिहिला. दोनशे. मोजणी संपली म्हणून ती टेप गुंडाळू लागली, पण भावाने टोक सोडलं नाही. तो तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता.

"ही राहिली की."

"ही मोजत नाहीत. ही सामाईकात येते."

"म्हणजे हिचं भाडं, तुझा पगार, कुणाच्या वाट्याला?"

एकोणीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

"सगळ्यांच्या," ती म्हणाली.

भावाने मागे वळून पाहिलं. रंगब्रशमध्ये नऊ माणसं यंत्रं थांबवून त्यांच्याकडेच बघत होती.

"सगळे म्हणजे आता आम्हीच, ताई," तो म्हणाला, आणि वाकून त्याने टेपचं टोक तिच्या खोलीच्या भिंतीला लावलं. "चल, सांग किती भरतंय."